मंगळाचा गंज : गरम पाण्याचा की गार?

या महिन्यात टपालात मंगळच जास्त आला. एकाच विषयाची पत्रं एकत्र घेतली आहेत. विहिरीच्या पाण्याबद्दलचं एक पत्र सगळ्यांत शेवटी घेतलंय. ते या गठ्ठ्यात का, ते तिथे कळेल.

प्रश्न : मॅडम, मी डिचोली तालुक्यात लोहखनिजाच्या खाणीवर बरीच वर्षं सुपरवायझर होतो. मंगळ लाल दिसतो तो लोखंडाच्या ऑक्साइडमुळे, आणि आमचं खनिजही तेच. मग मंगळ समजून घ्यायला शास्त्रज्ञ समुद्राच्या तळाशी गरम पाण्याचे झरे शोधत का फिरतात? आमच्या खाणीत काय कमी आहे? (डिचोली, गोवा)

उत्तर : कमी काही नाही. पहिला धडा तर तुमच्याकडेच मिळतो. ब्लू डस्ट, म्हणजे लोहखनिजाची भुसभुशीत पूड, तुम्ही आयुष्यभर हाताळलीत. ढिगावर ती करडी, पोलादी, उन्हात जराशी निळसर दिसते. चिमूटभर घेऊन तळहातावर चोळली की हात तांबडा. खनिज एकच, हेमेटाइट, म्हणजे लोखंडाचं ऑक्साइड. कण जरा मोठे, म्हणजे ढोबळमानाने दहा मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वर असले की ते करडं दिसतं आणि कण बारीक झाले की लाल. खाणीवर नोकरीला असताना नव्या ट्रेनींना मी सांगायचे की रंगावर जाऊ नका, कस काढा. चिनी मातीच्या खरबरीत फरशीवर दगड ओढला आणि रेघ तांबडी उमटली की हेमेटाइट, पिवळट तपकिरी उमटली की गोएथाइट, म्हणजे पाणी धरून असलेला गंज.

मंगळाच्या बाबतीत हीच गोष्ट महत्त्वाची ठरली. तिथली धूळ लाल आहे हे नुसत्या डोळ्यांना दिसतं. पण १९९८ मध्ये मार्स ग्लोबल सर्व्हेयर यानावरच्या वर्णपटमापकाला मेरिडियानी नावाच्या सपाट भागात *करडं* हेमेटाइट दिसलं, म्हणजे मोठ्या कणांचं. असे कण वाढायला बहुतेक वेळा पाणी लागतं, आणि सवड लागते. कुठलं पाणी? गरम पाण्यातून थेट बसलेलं खनिज, थंड तळ्यात साचून पुढे बदललेलं खनिज, जमिनीखाली मुरणाऱ्या पाण्यानं घडवलेलं खनिज, अशा बऱ्याच शक्यता कागदावर होत्या आणि वरून बघून त्यांतली एकही निकालात काढता येत नव्हती. ऑपॉर्च्युनिटी रोव्हर तिथे उतरवला त्याचं मोठं कारण हेच.

२५ जानेवारी २००४ ला तो उतरला तो नेमका ईगल नावाच्या चिमुकल्या विवरात. समोर थरांचा खडक आणि त्यात रुतलेल्या, खाली घरंगळलेल्या काही मिलिमीटरच्या गोळ्या. रंग वाढवलेल्या फोटोंत त्या निळसर दिसल्या म्हणून त्यांना ब्लूबेरी म्हणायला लागले. करडं हेमेटाइट होतं ते या गोळ्यांत. आता गंमत बघा. गोळ्या एखाद्या थरात गोळा झालेल्या नव्हत्या, खडकभर सारख्या अंतरानं विखुरलेल्या होत्या. वरून पडलेल्या असत्या तर थराथरानं साचल्या असत्या. म्हणजे त्या खडकातच, मुरणाऱ्या पाण्यात जागच्या जागी वाढल्या. अमेरिकेत युटामध्ये नव्हाहो वालुकाश्मात अशाच लोखंडी गोळ्या मिळतात, त्याही गार भूजलाच्या. शिवाय लोखंडाची खनिजं ओळखणाऱ्या, रोव्हरवरच्या मॉसबाउअर उपकरणाला त्याच खडकात जॅरोसाइट सापडलं. हे लोखंडाचं सल्फेट आम्लधर्मी पाण्यातच टिकतं. एवढे सोबती जमल्यावर मेरिडियानीत गरम झऱ्यांची बाजू पडली.

म्हणजे माझ्या मते खरा प्रश्न 'मंगळावर हेमेटाइट आहे का' हा कधीच नव्हता. हेमेटाइट हे लोखंडाचं शेवटचं स्टेशन. गरम पाण्यातून निघालेलं लोखंड तिथे पोचतं, गार पाण्यातलं पोचतं, हवेत गंजलेलंही पोचतं. पिवळी माती भट्टीत घातली की लाल होते ना, तेव्हा तिच्यातलं गोएथाइट पाणी सोडून हेमेटाइटच होत असतं. हे थंडपणेही होतं, फक्त फार सावकाश. त्यामुळे एकट्या हेमेटाइटची साक्ष कोर्टात टिकायची नाही. त्याच्या शेजारी कुठली खनिजं बसलीत, कण केवढे आहेत, थर कसे आहेत हे सगळं मिळून बोलतं. आणि ते बोलणं समजायला पृथ्वीवरची अशी ठिकाणं लागतात जिथे उत्तर आधीच माहीत आहे.

समुद्रतळ हे तसं ठिकाण. भेगांतून समुद्राचं पाणी खाली मुरतं, खालच्या उष्णतेनं तापतं, बेसॉल्टमधलं लोखंड विरघळवून घेतं आणि परत वर येतं. १९७९ मध्ये प्रशांत महासागराच्या तळाशी पहिले 'काळे धुरकांडे' सापडले, त्यांतून साडेतीनशे अंशांच्या वरचं पाणी येत होतं. तिथे लोखंड गंधकाशी जोडी जमवून काळा सल्फाइड होतं. तांबूस-नारिंगी गाळ मात्र कडेला, जिथे कोमट पाणी हळूहळू झिरपतं आणि समुद्रातल्या ऑक्सिजनशी गाठ पडते, तिथे साचतो. मंगळासाठी मोलाचा हा कडेचा गाळच. मंगळाचं कवच बहुतांशी बेसॉल्टचं, आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडाच्या नात्यातलं. तिथे ज्वालामुखी होते, उल्का आदळून तापलेली जमीन होती, पाणी होतं. दक्षिण गोलार्धातल्या एरिडानिया खोऱ्यातल्या जाड थरांबद्दल २०१७ मध्ये शोधनिबंध आला. त्या खोल, जुन्या पाण्याच्या तळाशी उष्णजलीय, म्हणजे गरम पाण्याची, क्रिया चालत होती, असं त्यातलं म्हणणं आहे.

आता तुमची खाण. गोव्यातलं मूळ खडक म्हणजे पट्ट्यापट्ट्यांचं हेमेटाइट-क्वार्ट्झाइट. जगभरातल्या अशा जुन्या पट्टेदार लोहखडकांत युरोपियम हे मूलद्रव्य प्रमाणापेक्षा जास्त मिळतं, आणि अडीचशे अंशांपुढचं पाणी खडकातून युरोपियम जास्त ओढून आणतं. म्हणजे त्या प्राचीन समुद्रांत लोखंड आलं ते बरंचसं तळाच्या गरम झऱ्यांतून. पण तुमच्या खनिजावर त्यानंतर लाखो पावसाळ्यांनी हात फिरवलाय. सिलिका धुऊन नेली, लोखंड मागे ठेवलं, म्हणूनच ते विकण्याजोगं झालं. खाणवाल्यांचा फायदा आणि आमचं नुकसान! मूळ पाणी गरम होतं की गार हे वाचायचं तर इतक्या वेळा खोडलेला मजकूर चालत नाही.

याच कारणानं स्पेनमधल्या रिओ टिंटोबद्दल जरा जपून बोलावं. वेल्वा प्रांतातली ही शंभरेक किलोमीटरची नदी वाइनसारखी लाल वाहते, पाण्याचा सामू (pH) २.३ च्या आसपास, म्हणजे चांगलंच आम्लधर्मी. 'पृथ्वीवरचा मंगळ' म्हणून तिचे फोटो सगळीकडे छापून येतात. तिथले सल्फाइडचे साठे साधारण ३५ कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळाच्या गरम झऱ्यांनी घातले हे खरं. पण आज जे लाल-पिवळं दिसतं ते त्या साठ्यांच्या गार हवेतल्या कुजण्यातून आणि त्यावर जगणाऱ्या जिवाणूंमुळे. म्हणजे आजोबा गरम, नातू गार. नदीकाठच्या उंच, जुन्या पायऱ्यांवर गेलं की जॅरोसाइट दिसेनासं होत जातं, गोएथाइट हेमेटाइटकडे सरकलेलं दिसतं. लोखंडाचा शेवटच्या स्टेशनाकडचा प्रवास एकाच नदीकाठी बघायला मिळतो, आणि माझ्या मते रिओ टिंटोचं खरं मोल ते आहे, लाल पाण्याचे फोटो नव्हेत. जॅरोसाइट हे नावसुद्धा स्पेनमधल्याच हारोसो घळीवरून आलं. ती मात्र खरोखरची उष्णजलीय जागा.

प्रश्न : क्यूबेकमधल्या ३७७ कोटी वर्षं जुन्या खडकात हेमेटाइटच्या सूक्ष्म नळ्या मिळाल्या, त्या जिवाणूंच्या आहेत असं वाचलं. मंगळावरही अशाच नळ्या शोधाव्यात असं मी सेमिनारमध्ये म्हटलं तर आमचे सर हसले. (एम.एस्सी. विद्यार्थी, पुणे)

उत्तर : सरांना अर्धंच हसू द्या.

कॅनडात हडसन उपसागराच्या पूर्व काठावर नुव्वुआगित्तुक नावाचा खडकांचा पट्टा आहे. त्यातल्या जास्पर नावाच्या लाल, सिलिकेच्या दगडात मॅथ्यू डॉड, डॉमिनिक पापिनो आणि सहकाऱ्यांना केसाहून कितीतरी बारीक तंतू आणि नळ्या दिसल्या. २०१७ मध्ये 'नेचर'मध्ये ते छापून आलं. वय किमान ३७७ कोटी, कदाचित ४२८ कोटी वर्षं. हा खडक समुद्रतळाच्या उष्णजलीय झऱ्याजवळ साचलेला, आणि आजच्या झऱ्यांजवळ लोखंडावर जगणारे जिवाणू अगदी असेच तंतू करतात, असा त्यांचा युक्तिवाद.

आजचे जिवाणू कुठले, तर हवाई बेटाच्या आग्नेयेला समुद्रात बुडालेला एक जिवंत ज्वालामुखी आहे. पूर्वी त्याला लोइही म्हणत, २०२१ पासून कामाएहुआकानालोआ. माथा पाण्याखाली सुमारे एक किलोमीटर. कोमट झऱ्यांभोवती तिथे नारिंगी, लिबलिबीत गालिचे पसरलेत. त्यांतला *मारिप्रोफंडस फेरोऑक्सिडन्स* हा जिवाणू विरघळलेल्या लोखंडाचं ऑक्सिडीकरण करून पोट भरतो. अडचण अशी की त्यातून होणारा गंज त्याच्याच अंगावर बसला तर तो गाडला जाईल. मग तो गंज एका बाजूनं धाग्याच्या रूपात बाहेर सोडत पुढे सरकतो. सूक्ष्मदर्शकाखाली हा धागा वळलेल्या वातीसारखा दिसतो, पीळ नियमित, जाडी जवळपास सारखी. जिवाणू मरून विरघळतो, वात तशीच राहते.

आता सरांची बाजू. २०१९ मध्ये एडिंबराच्या शॉन मॅकमॅहन यांनी जिवाणूंशिवाय तसेच तंतू आणि नळ्या करून दाखवल्या. युक्ती जुनी आहे, तुमच्या प्रयोगशाळेतही होईल. सोडियम सिलिकेटचं पातळ द्रावण काचेच्या भांड्यात घ्या, तळाशी हिराकशीचा (लोखंडाच्या सल्फेटचा) एक खडा सोडा आणि भांडं हलवू नका. खड्याभोवती लगेच एक पातळ पापुद्रा धरतो. बाहेरचं पाणी पापुद्र्यातून आत शिरतं, आतला दाब वाढतो, पापुद्रा एका जागी फुटतो आणि लोखंडाच्या द्रावणाची चिळकांडी वर उडते. तिच्या कडेला लगोलग नवा पापुद्रा धरतो, की झाली नळी. टोकाला ती पुन्हा फुटते, पुन्हा वर चढते. बघता बघता हिरवट फांद्यांचं झुडूप उभं राहतं. (द्रावण अल्कधर्मी आहे, चष्मा लावा, हात घालू नका.) समुद्रतळाच्या झऱ्यांपाशी लोखंड असतं, सिलिका असते, सामूतला फरक असतो. मग निसर्गालाही जिवाणूंची गरज पडेलच असं नाही.

माझं मत विचारलंत म्हणून सांगते : नळी दिसली एवढ्यावर मी जीवाश्म म्हणणार नाही, क्यूबेकमध्येही नाही आणि मंगळावर तर नाहीच. एक तंतू बघू नये, शेकडो मोजावेत. जाडी सारखी आहे का, पीळ आहे का, पीळ नियमित आहे का. रासायनिक नळ्यांची जाडी फार वरखाली होते. तरीही दोन्ही गटांच्या कडा एकमेकांत मिसळतात, तेव्हा शेजारी कार्बन आहे का, फॉस्फेट आहे का हे बघावंच लागतं. डॉड यांच्या गटानं ते बघितलं होतं, म्हणून मी त्यांना उडवून लावत नाही. आणखी एक मुद्दा सेमिनारमध्ये कोणीतरी काढेलच : हवाईच्या जिवाणूंना थोडा का होईना ऑक्सिजन लागतो, प्राचीन मंगळावर तो कुठला? लोखंडाचं ऑक्सिडीकरण अतिनील किरणांनीही होऊ शकतं, आणि काही जिवाणू ऑक्सिजनऐवजी नायट्रेटवर काम भागवतात. तयारी करून जा.

प्रश्न : लोणारचं पाणी जून २०२० मध्ये गुलाबी झालं. ते लोखंडामुळे का? लोणारचा मंगळाशी संबंध जोडतात तो खरा का? (शिक्षिका, बुलढाणा)

उत्तर : गुलाबी रंग लोखंडाचा नव्हता. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं पाणी तपासलं, खारट पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव निघाले. पाणी आटून खारटपणा वाढला की ते माजतात.

मंगळाशी संबंध मात्र पक्का आहे. सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं, बेसॉल्टमध्ये पडलेलं आणि इतकं नीट राहिलेलं आघातविवर पृथ्वीवर विरळा. मंगळावर अशी विवरं मोजावी तितकी थोडी. लोणारच्या तळातून काढलेल्या खडकांच्या नळकांड्यांत आघातानंतर तापलेल्या पाण्यानं घडवलेली चिकणमातीची खनिजं सापडली आहेत. म्हणजे एवढ्याशा विवरातही काही काळ गरम पाणी खेळलं. लोखंडाच्या ऑक्साइडचे मोठे साठे घडवण्याइतकं मात्र नाही. मुलांना मंगळाचं जॅरोसाइट शिकवायचं असेल तर कच्छमधल्या मातानोमढचं उदाहरण द्या, तेही दख्खनच्या बेसॉल्ट प्रदेशातलंच आणि त्यावर भारतीय शास्त्रज्ञांनीच काम केलंय.

प्रश्न : 'चेयावा फॉल्स' या मंगळावरच्या दगडावर जीवसृष्टीच्या खुणा मिळाल्याची बातमी होती. तिथेही गरम झरे होते का? (निवृत्त अभियंता, नाशिक)

उत्तर : इथे सगळा डाव उलटा आहे. गरम पाणी *नव्हतं* असं दिसतं, म्हणूनच तो दगड इतका चर्चेत आहे.

जुलै २०२४ मध्ये पर्सिव्हिअरन्स रोव्हरला जेझेरो विवरात पाणी आणणाऱ्या जुन्या नदीच्या पात्रात हा दगड मिळाला. तांबूस चिखलखडक, त्यावर बिबट्याच्या अंगावर असतात तसे ठिपके, मध्ये फिके आणि कडेला गडद. ठिपक्यांतल्या खनिजांत व्हिव्हियानाइट हे लोखंडाचं फॉस्फेट आणि ग्रेगाइट हे लोखंडाचं सल्फाइड असावं, असं सप्टेंबर २०२५ च्या 'नेचर'मधल्या निबंधात म्हटलंय. म्हणजे इथे लोखंड गंजलेलं नाही, गंजलेल्याचं परत उलटं झालंय. पृथ्वीवर गाळात असं घडतं तेव्हा बहुधा सेंद्रिय पदार्थ खाणारे जिवाणू कारणीभूत असतात. जिवाणूंशिवायही हे होऊ शकतं, पण गंधकाच्या बाबतीत त्याला चांगलीच उष्णता लागते, आणि हा खडक तसा भाजून निघाल्याची खूण नाही. उद्या कोणाला तिथे गरम पाणी वाहिल्याचा पुरावा मिळाला तर जीवाची बाजू तेवढी कमजोर होईल.

याउलट स्पिरिट रोव्हरचं. २००७ मध्ये त्याचं बिघडलेलं चाक फरफटत गेलं आणि खालून पांढरी माती उघडी पडली, त्यात ९० टक्क्यांच्या वर सिलिका. तिथे गरम झरे किंवा वाफा असाव्यात, हे पुष्कळांना मान्य आहे, आणि चिलीतल्या एल टाटिओच्या झऱ्यांतल्या सिलिकेशी तिचं साम्यही दाखवलंय. चेयावा फॉल्सचा नमुना मात्र कुपीत बंद होऊन तिकडेच आहे. तो इकडे आणायची योजना खर्चापायी रखडलीय. मला विचाराल तर नवे फोटो घेत बसण्यापेक्षा ती एक कुपी आणणं जास्त मोलाचं.

प्रश्न : आमच्या परसातल्या जांभ्याच्या विहिरीत पाझरणाऱ्या पाण्यावर तेलासारखा इंद्रधनुषी तवंग येतो आणि खाली नारिंगी गाळ बसतो. कोणी डिझेल ओतलं असेल का? (चिपळूण)

उत्तर : भांडायला जाण्याआधी एक काडी घ्या आणि तवंग मोडा. तेल असेल तर तो लगेच पुन्हा एकत्र येईल. लोखंडाचा असेल तर त्याचे कोनेरी तुकडे होतील आणि सुटेच राहतील. तुमच्या वर्णनावरून मला तरी लोखंडच वाटतंय.

जांभ्यातून झिरपणाऱ्या, हवा न लागलेल्या पाण्यात लोखंड विरघळलेलं असतं. ते उजेडात आलं की त्यावर जिवाणू जगतात आणि नारिंगी लिबलिबीत गाळ सोडतात. हवाईच्या समुद्रतळावरचा धंदा तुमच्या परसात, गार आणि गोड्या पाण्यात चाललाय. गोड्या पाण्यातला *गॅलियोनेला* हाही पिळाचाच धागा सोडतो. या पाण्यानं पांढरे कपडे पिवळे पडतील. प्यायला वापरत असाल तर एकदा तपासून घ्या.

आणि करून बघा : स्वच्छ काचपट्टी दोऱ्यानं बांधून, जिथे पाणी नुकतंच पाझरतं तिथे गाळाच्या वर बुडवून ठेवा. आठवड्यानं अलगद काढा, पुसू नका, वर पातळ काच ठेवून शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली ४०० पटीनं बघा. पीळ दिसले तर फोटो पाठवा, त्यात मोजपट्टी हवी. मोजपट्टीशिवाय आलेल्या फोटोंना मी उत्तर देत नाही, हे या सदराच्या जुन्या वाचकांना माहीत आहे.